वैद्याचे चक्र आणि नवशिक्याची बोटे

गिटार शिकू पाहणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी जो कागद पडतो, त्यावर स्वरलिपी नसते. तारा आणि पडदे दाखवणारी लहानशी चौकट, बोटांच्या जागी ठिपके आणि वर डी, जी किंवा ए असे एखादे अक्षर, एवढेच असते. आपल्या रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात. कॉर्डमध्ये तीन वा अधिक स्वर एकत्र वाजतात. ते स्वर कोणते हे ठाऊक नसतानाही ते अचूक वाजवता यावेत, अशी ही युक्ती आहे. तिचे वय चारशे वर्षांहून अधिक असून तिच्या आद्य प्रवर्तकांत एक वैद्य होता.

स्पेनमधील ज्या मोन्सेरात डोंगरावर संत इग्नेशियस लोयोला यांनी १५२२ साली आपली तलवार पवित्र मरियेच्या चरणी ठेवली, त्याच्याच पायथ्याशी मोनिस्त्रोल हे गाव आहे. जुआन कार्लेस आमात हा तेथला. त्याने १५९६ साली पाच जोड तारांच्या गिटारवर एक छोटे पुस्तक लिहिले. सहावी तार पुष्कळ नंतरची. आमातने बारा मेजर व बारा मायनर कॉर्ड एका चक्रात मांडल्या आणि त्यांना एक ते बारा आकडे दिले. गंमत अशी, की कोणताही आकडा घ्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे सोबत घ्यावेत, की साध्या गीताला पुरतील अशा तीन मुख्य कॉर्ड हाती येतात. गळ्याला पट्टी उंच वाटली तर चक्रावर दुसरीकडे सरकावे, हिशेब तोच राहतो. १६०६ साली फ्लॉरेन्स येथे मोन्तेसार्दोने आकड्यांऐवजी अक्षरे छापली. मात्र त्याचा ए म्हणजे आजचा जी मेजर!

विद्वानांना हे रुचले नाही. कुएन्का महामंदिराचे कॅनन सेबास्तियान दे कोवारुबियास यांनी १६११ सालच्या आपल्या शब्दकोशात गिटारची तुलना गुरांच्या घंटेशी केली. तबेल्यातला पोऱ्याही आता ती वाजवतो, अशी त्यांची तक्रार. पोऱ्याला गाता यावे यात वाईट ते काय, हे त्या धर्मपंडिताच्या मनाला शिवले नसावे. तरीही त्यांचे दुःख अगदीच खोटे नव्हते. व्हिउएला या जुन्या वाद्यावर अनेक स्वरांची जी नाजूक वीण विणली जाई, ती नुसत्या तारा झणकारून साधत नाही.

या हलक्या समजल्या गेलेल्या वाद्याने पुढे एका धर्मगुरूला साथ दिली. ऑस्ट्रियातील ओबरनडॉर्फचे साहाय्यक धर्मगुरू जोसेफ मोर यांनी २४ डिसेंबर १८१८ रोजी आपली कविता शिक्षक व ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांच्याकडे नेली आणि दोन गळे, गायकवृंद व गिटार यांसाठी चाल मागितली. त्याच रात्री 'सायलेंट नाइट' प्रथम गायिले गेले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला ही कथा गोड आहे, पण ग्रुबर यांनी १८५४ साली लिहून ठेवलेल्या हकिगतीत तिचा मागमूस नाही. मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रत डी मेजरमध्ये आहे. नवशिक्याला ते गीत डी, जी आणि ए एवढ्यावर गाता येते. आमातच्या चक्रावरचे हे तीन शेजारीच.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखूनच, उपासनेस साजेशा इतर वाद्यांना धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. गिटार अनेक देशांतील मिस्सांत आली, आपल्याकडेही आली. आता आपल्या गायकवृंदातला नवशिका बहुधा एफपाशी अडतो. पहिले बोट साऱ्या तारांवर आडवे दाबावे लागते. बोटांची टोके अजून कोवळी असतात, तार खरखरते, आणि कित्येक जण तेथेच वाद्य खाली ठेवतात. त्याला वैद्यबुवांच्या चक्राचाच उतारा द्यावा. गीत सी पट्टीतून जी पट्टीत न्यावे. मग जी, सी आणि डी एवढ्यांवर भागते, एफ लागतच नाही.