भुकेचा थांबा सरकतो तेव्हा : पेण-रोह्यातली हॉटेलं का बंद पडतात?

हॉटेल बंद पडलं की आपल्याकडे तीन कारणं हमखास ऐकू येतात. पहिलं, चव गेली. दुसरं, मुलांनी लक्ष दिलं नाही. तिसरं, भावाभावांत वाटणी झाली. तिन्ही कारणं कुठे ना कुठे खरी असतात. पण एकाच रस्त्यावरची पाच-सहा हॉटेलं चार-पाच वर्षांच्या अंतरात बंद पडली, तर सगळ्यांचीच चव एकदम गेली असं कसं म्हणणार? आजच्या लेखात याच प्रश्नाकडे जरा इतिहासाच्या बाजूने बघू.

आधी एक शब्द स्पष्ट करून टाकते. आपल्या बोलण्यात हॉटेल म्हणजे खायची जागा. राहायची जागा म्हणजे लॉज. या लेखात हॉटेल म्हणताना मिसळ-चहाचं हॉटेल, खानावळ, एसटी स्टँडचं कॅन्टीन, नाक्यावरची टपरी असं सगळंच धरलं आहे.

माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातली आणि पीएच.डी. रायगडचे रस्ते, बंदरं आणि त्यांच्या काठच्या गावांवर. "हे कुठून कुठे?" असं बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर रसायनशास्त्रातली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. एखाद्या भांड्यातून द्रव सतत वाहत असेल, तर त्यातला प्रत्येक थेंब भांड्यात सरासरी किती वेळ राहतो, हे मोजतात. प्रवाह वाढला आणि भांडं तेवढंच राहिलं, तर थेंबाचा मुक्काम कमी होतो. गावाचंही तसंच असतं. गावातून रोज किती माणसं गेली यावर हॉटेल चालत नाही. त्यातली किती थांबली आणि किती वेळ थांबली, यावर चालतं.

नागोठणं : महाबळेश्वरच्या वाटेवरचा पहिला थांबा

आज नागोठणं म्हटलं की रिलायन्सचा प्रकल्प आठवतो. रोहे तालुक्यातलं हे गाव अंबा नदीच्या खाडीवर आहे आणि एकेकाळी ते चांगलं चालतं बंदर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाबळेश्वर इंग्रजांचं थंड हवेचं ठिकाण म्हणून उभं राहिलं. मुंबईहून तिथे जायचा एक नेहमीचा मार्ग होता तो असा : मुंबईहून बोटीने नागोठणं, तिथून जमिनीवरून महाड, पोलादपूर आणि मग घाट चढून वर.

त्या काळात असा प्रवास एका दमात होणं शक्य नव्हतं. खाडीतली बोट भरतीच्या तालावर चालायची, पुढचा रस्ता बैलांच्या आणि माणसांच्या पायांवर. म्हणजे नागोठण्यात थांबणं ही हौस नव्हती, गरज होती. आणि थांबलेल्या माणसाला जेवायला लागतं. त्याच्याबरोबरच्या नोकरांना, हमालांना, जनावरांनाही लागतं.

१८६३ मध्ये बोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई ते पुणे सलग गाडी धावू लागली. महाबळेश्वरला जाणाऱ्यांना पुणे-वाईमार्गे वर जाणं सोपं झालं. नागोठण्याचा धंदा रात्रीत बसला नाही, पण हिल स्टेशनचा प्रवासी हळूहळू दुसऱ्या वाटेला लागला. नागोठण्यात कुणाच्या भाताची चव बिघडली म्हणून हे झालेलं नाही. घाटात बोगदे खणले गेले, म्हणून झालं.

धरमतर ते एसटी स्टँड

पेणची गोष्ट थोडी वेगळी. पेण हे मीठ आणि तांदळाच्या व्यापाराचं गाव, भोगावतीच्या खाडीवरचं अंतोरा हे त्याचं बंदर. मुंबईच्या आगबोटी पुढे धरमतरला येत. धरमतरला उतरायचं आणि पुढे पेण, नागोठणं, महाड असं जायचं, हा कोकणातल्या कित्येक घरांचा मुंबईहून गावी जायचा रस्ता होता. बोट लागायची वेळ ठरलेली, त्यामुळे चुलीवर भात चढवायची वेळही ठरलेली.

स्वातंत्र्यानंतर गाड्यांचा रस्ता सुधारत गेला, १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि थांबा बंदरावरून स्टँडवर आला. लांब पल्ल्याच्या एसटीत भूक प्रवाशाला लागते, पण जेवायचं कुठे हे ड्रायव्हर-कंडक्टर आणि वेळापत्रक ठरवतं. "गाडी दहा मिनिटं थांबेल" हे वाक्य ज्या हॉटेलच्या दारात उच्चारलं जातं, तिथला गल्ला भरतो. शंभर पावलं पुढचं हॉटेल नुसतं बघत बसतं. पेणचं स्टँड आणि वडखळचा नाका हे दोन्ही या वाक्यावर वाढले. वडखळला तर रस्ता फुटतो, एक अलिबागला आणि एक गोव्याकडे. फाट्यावर गाडी आपोआप हळू होते आणि हळू झालेल्या गाडीतून वडे दिसतात.

इथे एक सोपं गणित करून बघा. मुंबईहून निघालेल्या माणसाला साधारण दोन तासांनी चहा, नाश्ता आणि बाथरूम या तिन्हीची आठवण होते. गाडी ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने चालली, तर दोन तासांत ती सुमारे ८० किलोमीटर जाते, म्हणजे पेण-वडखळच्या आसपास. सरासरी ६० झाली, तर १२० किलोमीटर, म्हणजे कोलाड. भूक अंतरावर लागत नाही, वेळेवर लागते. रस्ता सुधारला की भुकेचा थांबा पुढे सरकतो. हॉटेलला मात्र चाकं नसतात.

रोहा : सात वर्षं शेवटचं स्टेशन

१९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि तिथेच संपली. पुढे कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. मधली सात वर्षं रोहा हे शेवटचं स्टेशन होतं. शेवटच्या स्टेशनवर प्रत्येक प्रवासी उतरतोच. मग एसटी बघतो, रिक्षा बघतो आणि तोवर चहा घेतो.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली. कोकण रेल्वेची हद्द आजही रोह्यापासून सुरू होते, पण प्रवाशाच्या दृष्टीने रोहा आता मधलं स्टेशन झालं आणि बऱ्याच एक्स्प्रेस तिथे थांबतही नाहीत. चिपळूण-रत्नागिरीचा जो माणूस पूर्वी एसटीने पेणवरून जायचा, त्यातला बराचसा आता झोपेत रोहा ओलांडतो. म्हणजे कोकणाला मोठी सोय झाली आणि या दोन गावांतल्या चहाच्या टेबलावरून काही माणसं उठून गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रेल्वे नको होती असं म्हणायचा माझा अजिबात हेतू नाही.

चौपदरी रस्ता आणि २०२०

पुढे आला चौपदरी रस्ता. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि किती रेंगाळलं ते गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एरवी वाहतूक मुंगीच्या पावलांनी चालली की हॉटेलवाल्याचा फायदा व्हायला हवा. पण खड्डे एका मर्यादेपलीकडे गेले की प्रवासी रस्ताच बदलतो. कुणी पुणे-सातारा-कोल्हापूरवरून खाली उतरतो, कुणी खोपोली-पाली करत वाकणला बाहेर पडतो. वाकण फाट्यावरून आलेल्या गाडीने पेण पाहिलेलंच नसतं.

त्यात २०२० उजाडलं. १५ मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली. आता गाडीसकट अलिबागला तासाभरात पोचता येतं, पेण-वडखळला वळसा घालायची गरज नाही. त्यानंतर दहा दिवसांत देशभर लॉकडाऊन. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. महाराष्ट्रात हॉटेलात बसून जेवायला परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा फक्त पार्सल. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. स्टँडच्या कॅन्टीनवाल्याने काय करायचं?

त्या काळात बंद पडलेल्या प्रत्येक हॉटेलवर आपण "कोरोनात गेलं" असा शिक्का मारून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की कोरोना ओसरला, पण रो-रो राहिली, नवा रस्ता राहिला, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतूही आला. सगळं पूर्ववत झालं तरी थांबा जुन्या जागी येणार नव्हता.

कोलाड : पाण्याच्या वेळेवर शिजणारं जेवण

रोहे तालुक्यातच याच्या उलट उदाहरण आहे. घाटमाथ्यावर टाटांनी १९२० च्या दशकात मुळशी धरण बांधलं. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, तो आपण शाळेत वाचलाय. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून नळातून भिऱ्याला उतरतं, १९२७ पासून तिथे वीज तयार होते आणि वापरलेलं पाणी कुंडलिकेत जातं. गेल्या काही वर्षांत याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग उभं राहिलंय. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटलं की नदी फुगते, राफ्ट निघतात, ओले आणि भुकेले लोक काठावर येतात, आणि जेवण तयार लागतं.

जगात बर्फावर घसरायच्या खेळाची जी गावं आहेत, त्यांचंही असंच. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एप्रिलमध्ये डोंगरावर नेणारे पाळणे थांबले की कित्येक रेस्टॉरंट उन्हाळा सुरू होईपर्यंत कुलूप लावतात. तिथे पाळणा, इथे धरणाचं पाणी. दोन्हीकडे जेवणाची वेळ स्वयंपाक्याच्या हातात नाही.

पण पर्यटक वाढले म्हणून नाक्यावरची हॉटेलं वाढतातच असं नाही. कोलाडला येणारा माणूस बहुतेक वेळा पॅकेज घेऊन येतो. नाश्ता, दोन वेळचं जेवण, थंडीत पोपटीसुद्धा त्यातच. शनिवारी-रविवारी रिसॉर्ट भरलेलं असतं आणि बाहेरच्या टपरीवर मात्र गावातलीच चार माणसं. मुक्काम वाढला, पण तो कुंपणाच्या आत.

मग टिकतं काय?

पेणमध्ये दोन प्रकारचे धंदे टिकलेले दिसतात. एक, जे वाटसरूवर अवलंबून नाहीत. तहसील आणि बाजारासाठी खेड्यांतून येणारी माणसं, गणपतीचे कारखाने. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत गणपती जवळ येतात तशी रात्रीची कामं चालतात, कामगारांना जेवण आणि चहा लागतो. रोह्याला धाटावच्या एमआयडीसीच्या पाळ्या हेच काम करतात. दुसरा प्रकार म्हणजे पोहे, पापड, मिरगुंड. हे घ्यायला गिऱ्हाइकाला त्या क्षणी भूक लागलेली असावी लागत नाही. पिशवीत भरून घरी नेता येतं, मुंबईच्या दुकानातही मिळतं. वाफाळत्या भाताला ही सवलत नाही.

अमेरिकेत 'रूट ६६' नावाचा जुना रस्ता होता. (आपल्या मुंबई-गोवा महामार्गाचा आकडाही आता ६६ च आहे, हा निव्वळ योगायोग.) १९७८ मध्ये ॲरिझोनातल्या सेलिगमन गावाला वळसा घालून नवा मार्ग सुरू झाला आणि गावातली वर्दळ आटली. १९८७ मध्ये तिथल्या एंजेल डेल्गाडिल्यो या न्हाव्याने आणि इतरांनी संघटना उभारून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान्यता मिळवली. लोक मग मुद्दाम तो रस्ता बघायला येऊ लागले. प्रत्येक गावाला हे जमेल असं नाही. पण त्यांनी आपलं काय गेलं ते आधी नीट लिहून काढलं.

आपल्याकडे तेच होत नाही. महामार्गासाठी जमीन गेली तर मोबदला मिळतो, बांधकाम गेलं तर त्याचाही हिशोब होतो. पण जमीन जागेवर, भिंती जागेवर आणि फक्त रस्ता दोनशे मीटर पलीकडे गेला, तर? ज्याचं काही संपादितच झालं नाही, त्याची नोंद कुठल्याच यादीत येत नाही. हॉटेलमालकाची येत नाही, मग तांदळाच्या भाकऱ्या थापून देणाऱ्या बाईची, जिताडा आणून देणाऱ्या आगऱ्याची, टेबल पुसणाऱ्या पोराची कुठून येणार? गेली दीडशे वर्षं थांबा सरकतोय आणि दर वेळी आपण म्हणतो, त्याची चव गेली होती.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी पेण, वडखळ, नागोठणं, कोलाड किंवा रोह्यातल्या जुन्या हॉटेलचं बिल, दरपत्रक, दुकान परवाना किंवा पाटी दिसणारा फोटो असेल, तर रद्दीत टाकू नका. मागे तारीख आणि जागा लिहा. गाडी तिथे किती मिनिटं थांबायची हे घरातल्या कुणा मोठ्या माणसाला आठवत असेल, तर तेही लिहून ठेवा.