धूर नसलेलं धुरांडं : कूलिंग टॉवरची कुळकथा

प्रदूषणावर लेख छापायचा असला की बहुतेक संपादकांच्या हाताला एकच छायाचित्र लागतं. कमरेत बारीक झालेले काँक्रीटचे अवाढव्य मनोरे आणि त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट. खाली ओळ असते धुराबद्दल. खरा धूर शेजारच्या उंच, सडपातळ धुरांड्यातून निघून जात असतो आणि फोटोत तो फारसा उठूनही दिसत नाही. पांढरं जे दिसतं ते पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात तर तेही दिसत नाही, कोरडी हवा ते वरच्या वर पिऊन टाकते. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ या गावांच्या क्षितिजावर हे मनोरे वर्षानुवर्षं उभे आहेत, पण ते तिथे कशासाठी आहेत हे विचारलं तर गावातही दहा जण दहा उत्तरं देतील.

त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं : गरम पाणी गार करून परत पाठवणं. पण हे काम मुळात निघालं कुठून?

निघालं जेम्स वॅटपासून. १७६५ साली ग्लासगोत त्याला सुचलं की वाफेच्या इंजिनातली वाफ सिलिंडरमध्येच थंड करण्यापेक्षा वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करावी. १७६९ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. हे वेगळं भांडं म्हणजे कंडेन्सर. वाफेचं पाणी झालं की तिने व्यापलेली जागा रिकामी होते, निर्वात पोकळी तयार होते आणि ती पोकळी पुढच्या वाफेला जोराने ओढून घेते. आजच्या औष्णिक केंद्रातल्या टर्बाइनलाही या पोकळीची मोठी मदत होते. कंडेन्सरमध्ये ४५ अंश राखता आले तर आतला दाब वातावरणाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर येतो. कंडेन्सर जितका गार, तितकी त्याच कोळशातून जास्त वीज.

मात्र कंडेन्सर गार ठेवायचा तर त्यातून सतत थंड पाणी खेळवावं लागतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. कोळशातल्या उष्णतेपैकी ३५ ते ३८ टक्क्यांची वीज होते आणि जवळपास निम्मी उष्णता या पाण्याच्या गळ्यात पडते. नदीकाठच्या कारखान्यांना फिकीर नव्हती. एका तोंडाने नदी आत घ्यायची, दुसऱ्या तोंडाने कोमट करून सोडून द्यायची. अडचण झाली ती नदी नसलेल्यांची. त्यांनी आधी तळी खणली, मग तळ्यांवर कारंजी उडवली, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीजघरं शहरात शिरली आणि तळ्यांना जागा उरली नाही. पाणी आडवं पसरता येईना, म्हणून ते उभं पसरायची वेळ आली.

उभं पसरवायची युक्ती जर्मनीत आधीपासून होती, फक्त ती मिठाच्या धंद्यात होती. खाऱ्या झऱ्यांचं पाणी उकळून मीठ काढायला लाकूड फार लागे, म्हणून मिठागरवाले आधी ते पाणी काटेरी फांद्यांच्या उंच भिंतींवरून ठिबकवत. वाऱ्याने पाणी उडून जाई आणि खाली दाट खारं पाणी मिळे. पाणी गारही होत असे, पण त्याचं मिठागरवाल्यांना काही देणंघेणं नव्हतं. कारखानदारांनी तोच सांगाडा उचलला आणि हिशेब उलटा केला. त्यांना गारवा हवा होता, उडून जाणारं पाणी हा तोटा. पुढे या फांद्यांभोवती लाकडी पेटी आली आणि पेटीवर लाकडी धुरांडं चढलं, म्हणजे वाऱ्याची वाट बघायला नको. आतली हवा तापून आणि ओली होऊन आपोआप वर चढते. ओली हवा जड असते असं आपल्याला उगाच वाटतं. पाण्याचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असल्यामुळे बाष्प मिसळलं की हवा हलकी होते. पंखा नाही, मोटर नाही, तरी खेच तयार.

लाकडी मनोरे कुजत, जळत, आणि फार उंच नेता येत नसत. १९१६ साली फ्रेडरिक व्हान इटर्सन आणि गेरार्ड क्यूपर्स या दोन डच अभियंत्यांनी काँक्रीटच्या मनोऱ्याचं पेटंट घेतलं. व्हान इटर्सन हा हॉलंडच्या दक्षिण टोकाला, लिम्बर्गमध्ये असलेल्या सरकारी कोळसाखाणींचा संचालक. कोळसा मुबलक पण कारखान्यांना पुरेल असं पाणी हाताशी नाही, अशा जागी हा माणूस बसला होता. १९१८ मध्ये हेर्लेनजवळच्या एमा खाणीत आज आपण ओळखतो तो आकार पहिल्यांदा उभा राहिला : खाली रुंद, मध्ये कंबर, वर पुन्हा किंचित फाकलेला. १९२४ मध्ये तो लिव्हरपूलला पोचला आणि तिथून जगभर गेला.

या आकाराबद्दल अभियांत्रिकीच्या वर्गातही एक समज पसरलेला असतो, की कंबर बारीक केल्याने हवेचा वेग वाढतो म्हणून मनोरा असा. मला हे स्पष्टीकरण कधीच पटलं नाही. खेच ठरते मुख्यतः उंचीवर आणि आतल्या-बाहेरच्या हवेच्या वजनातल्या फरकावर. कंबर आहे ती बांधकामासाठी. खाली रुंदी लागते, कारण पाणी शिंपडायची आणि हवा आत घ्यायची सगळी व्यवस्था तळाच्या काही मीटरमध्ये असते. वरचा सगळा डोलारा पोकळ आहे, आत काही नाही. आणि दोन दिशांनी वाकलेला पृष्ठभाग पातळ असूनही ताठ राहतो. गंमत म्हणजे हा वाकडा दिसणारा आकार सरळ रेषांचा बनलेला आहे. तिरप्या काड्या गोल बांधून केलेलं वेताचं स्टूल मध्ये आपोआप बारीक होतं, तसंच. लंडनचं सेंट पॉल चर्च बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेनने १६६९ मध्येच हे भूमितीने दाखवून दिलं होतं आणि रशियाच्या व्लादिमीर शुकोव्हने १८९६ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदच्या प्रदर्शनात सरळ पोलादी पट्ट्यांचा असा मनोरा उभाही केला होता. काँक्रीट ओतणाऱ्याला याचा फायदा रोकडा : सळ्या आणि फळ्या सरळ लावता येतात.

आकार जगप्रसिद्ध झाला. पण माझ्या मते या घराण्याचा खरा कर्तबगार पुरुष काँक्रीटवाला नाही. मनोऱ्याच्या पोटात नेमकं काय होतं, हे ज्यांनी आकड्यात बांधलं ते दोघे फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

पोटात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. गरम थेंब हवेला सरळ उष्णता देतो, हे एक. थेंबाच्या पृष्ठभागावरचं थोडं पाणी वाफ होऊन हवेत जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, हे दुसरं. दुसरं पहिल्यापेक्षा फार मोठं आहे. एक किलो पाणी एक अंशाने गार करायला ४.२ किलोज्यूल काढावे लागतात, तर एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल निघून जातात. म्हणून शंभर लिटरमधलं एकच लिटर उडालं तरी बाकीचं पाणी पाच-सहा अंशांनी उतरतं. पण दोन प्रवाह, दोन वेगळी कारणं (एक तापमानातल्या फरकाने वाहतो, दुसरा बाष्पाच्या प्रमाणातल्या फरकाने) आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले. मनोरा किती मोठा बांधायचा याचं गणित करायचं कसं? मनोरे आधी अनुभवाने बांधले जात.

१९२२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक वॉरन लुईस यांनी दाखवलं की हे दोन प्रवाह एका साध्या गुणोत्तराने बांधलेले आहेत. एकाचा वेग मोजा, दुसऱ्याचा हिशेबाने मिळतो. आधी त्यांना वाटलं की हे कुठल्याही द्रवाला आणि वायूला लागू पडेल. पडत नव्हतं. १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच दुरुस्ती छापली. हवा आणि पाणी या जोडीत उष्णता पसरण्याचा वेग आणि बाष्प पसरण्याचा वेग जवळजवळ सारखे निघतात, म्हणून तिथे नियम चालतो. अल्कोहोल घेतलं तर फसतो. पृथ्वीवर सगळ्यांत जास्त लागणाऱ्या जोडीतच हा योगायोग असावा, हे अभियंत्यांचं नशीब.

जर्मन अभियंता फ्रीडरिख मेर्केलने १९२५ मध्ये हे नशीब वसूल केलं. दोन प्रवाह वेगळे धरूच नका, असं त्याचं म्हणणं. हवेत एकूण उष्णता किती आहे, कोरडी आणि बाष्पातली मिळून, ती एन्थाल्पी घ्या. थेंबाला चिकटलेल्या ओलसर हवेची एन्थाल्पी आणि भोवतालच्या हवेची एन्थाल्पी यांच्यातला फरक हाच सगळं काम करतो. दोन समीकरणांचं एक झालं. त्यासाठी त्याने उडून जाणारं पाणी उष्णतेच्या हिशेबात सोडून दिलं, कारण ते एक-दोन टक्केच असतं. पुढच्या संशोधकांनी अचूक सूत्रं काढली, संगणक आले, तरी टॉवरची चाचणी आजही मेर्केलच्या हिशेबाला धरून होते.

या हिशेबातून एक मर्यादा निघते. टॉवरमधलं पाणी बाहेरच्या तापमानापेक्षाही गार होऊ शकतं, पण ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे दाखवतो त्याच्या खाली कधीच नाही. चंद्रपूरला मे महिन्यात ४६ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही हद्द २४ अंशांच्या आसपास येते. मुंबईत ३३ अंशच, पण आर्द्रता ७५ टक्के, तर हद्द २९. विदर्भात वाळ्याचा कूलर हुडहुडी भरवतो आणि दादरला तोच नुसती दमट हवा फेकतो, त्याचं कारण हेच.

समुद्र हाताशी असला तर या उठाठेवीची गरजच नाही. तारापूरचं अणुविद्युत केंद्र समुद्राच्या पाण्यावर चालतं, तिथे असे मनोरे नाहीत. तरीही अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राच्या १९७९ मधल्या अपघातानंतर तिथल्या मनोऱ्यांचे फोटो इतके फिरले की हा आकार अणुभट्टीचं चिन्ह होऊन बसला.

काँक्रीटवाल्यांनाही एकदा धडा मिळाला. १ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमध्ये फेरीब्रिज इथे वादळी वाऱ्यात आठपैकी तीन मनोरे कोसळले. उंची ११४ मीटर, भिंतीची जाडी जेमतेम १३ सेंटीमीटर. वाऱ्याचा हिशेब सरासरी वेगावर केला होता, झोतांचा विचार नव्हता. शिवाय मनोरे जवळजवळ होते. पुढच्या रांगेतून घुसळून आलेला वारा मागच्या रांगेवर आदळला आणि पडले ते मागचेच. त्यानंतर नियम बदलले. राजस्थानात कालिसिंध केंद्राचे मनोरे तर २०२ मीटर उंच आहेत.

आता मेर्केलने बाजूला ठेवलेल्या त्या एक-दोन टक्क्यांकडे येऊ. त्याच्या समीकरणात ते नगण्य होते. महाराष्ट्रात नाहीत. पाचशे मेगावॅटच्या संचात दर सेकंदाला २०० ते २५० लिटर पाणी वाफ होऊन आकाशात जातं. नदीतून थेट पाणी घेणारं केंद्र एका युनिट विजेमागे दीडशे लिटरच्या आसपास उचलतं, पण जवळजवळ सगळं परत सोडतं. टॉवरवालं केंद्र उचलतं त्याच्या एक-दोन टक्के, आणि त्यातलं बहुतेक परत येतच नाही. नदीतल्या माशांना टॉवर बरा, खालच्या गावाला नाही. टॉवर पाणी वाचवतो असं सांगितलं जातं ते या अर्थाने अर्धंच खरं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना मर्यादा घातली : युनिटमागे साडेतीन लिटर. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या पाचशे मेगावॅटच्या एका संचाला तासाला साडेसतरा लाख लिटर.

परळीने याची किंमत मोजली. बीड जिल्ह्यातलं, तेव्हा १,१३० मेगावॅटचं असलेलं हे केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद पडलं, आणि २०१५ च्या जुलैत पुन्हा. कोळसा होता, यंत्रं धड होती. त्याच दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं.

पाणी न उडवणारे टॉवरही आहेत. हंगेरीच्या लास्लो हेलरने तशी पद्धत बसवली, दक्षिण आफ्रिकेतलं केंडाल केंद्र कोरड्या टॉवरवर चालतं आणि झारखंडात एनटीपीसीच्या नॉर्थ करणपुरामध्ये कंडेन्सर हवेनेच गार केला जातो. पण कोरड्या टॉवरची हद्द ओल्या फडक्याची नसते, उघड्या हवेची असते : चंद्रपूरला मे महिन्यात २४ ऐवजी ४६. ज्या दुपारी विजेची मागणी शिगेला पोचते त्याच दुपारी संच कमी वीज देणार. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात हा उपाय स्वस्त पडेल असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा बरा मार्ग नागपूरने घेतला. कोराडी केंद्राला भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी मिळतं. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानुसार महापालिकेच्या सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने असं पाणी वापरणं बंधनकारक आहे. तुमच्या जिल्ह्यात नव्या संचाची जनसुनावणी निघाली, तर कोळसा कुठून येणार याआधी टॉवरला पाणी कुठलं देणार हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.