सौरवादळात तुमच्या फोनचं नेमकं काय होतं?

'आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळेत मंगळावरून कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, फोन बंद करून लांब ठेवा.' हा मेसेज तुम्हाला कधी ना कधी आलाच असेल. मी इंजिनिअरिंगला असताना आला होता, अजूनही फॅमिली ग्रुपवर वर्षा-दोन वर्षांनी उगवतो. खाली नासा आणि बीबीसीचं नाव असतं आणि शेवटी 'सगळ्यांना पाठवा'. मेसेज साफ खोटा आहे. कॉस्मिक किरणं वेळापत्रक बघून येत नाहीत, ती चोवीस तास सगळ्या दिशांनी येत असतात.

गंमत अशी की या खोट्या मेसेजमुळे खरी गोष्ट बाजूला राहते. अवकाशातलं हवामान, म्हणजेच स्पेस वेदर, खरंच असतं आणि ते खरंच बिघडतं. त्याचा फटका उशाशी ठेवलेल्या फोनला बसत नाही. तो फोन ज्यांच्या जिवावर चालतो त्यांना बसतो: उपग्रह, जीपीएसचे सिग्नल, वीज आणि टॉवरची घड्याळं. भारत तर या बाबतीत जरा अडचणीच्याच जागी आहे. ते कसं, ते पुढे येईल.

ओढ्यातला दगड

सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. याला सौर वारा म्हणतात. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या वाऱ्यात ओढ्यातल्या दगडासारखं उभं आहे. प्रवाह समोर आपटतो, दोन्ही बाजूंनी वळतो आणि मागे लांब शेपूट तयार होतं. या क्षेत्राने राखलेली जागा म्हणजे मॅग्नेटोस्फिअर, आपल्या भाषेत चुंबकावरण. मॅग्नेटोस्फिअर हे नाव थॉमस गोल्ड या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दिलं. सूर्याकडच्या बाजूला त्याची कड पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६४,००० किलोमीटरवर असते. जोरदार वादळात ती इतकी आत दबते की ३६,००० किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह काही वेळ उघड्यावर पडतात.

वादळ कसं होतं? सूर्य अधूनमधून अब्जावधी टनांचा प्लाझ्मा स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रासकट भिरकावून देतो. हे कोरोनल मास इजेक्शन, थोडक्यात सीएमई. ते इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पण धडकलं म्हणजे वादळ झालंच असं नाही. येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर पुष्कळदा प्रकरण थोडक्यात आटपतं. दिशा दक्षिणेकडे असेल तर मात्र ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या बरोबर उलटं पडतं, दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात आणि दार उघडल्यासारखी ऊर्जा आत येते. जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली. ही दिशा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

खिशातलं मापन यंत्र

तुमच्या फोनमध्ये होकायंत्रासाठी मॅग्नेटोमीटर असतो. फायफॉक्ससारखं मोफत ॲप टाका, मोकळ्या मैदानात जा आणि आकडा बघा. महाराष्ट्रात तो साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला येईल. आता फोन मोटरसायकलच्या टाकीजवळ न्या. आकडा कुठल्या कुठे जाईल.

आता तुलना करू. मे २०२४ मधलं वादळ गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं होतं. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या काही निवडक वेधशाळांची सरासरी काढून वादळाची तीव्रता मोजतात. त्यात पृथ्वीचं क्षेत्र जास्तीत जास्त सुमारे ४०० नॅनोटेस्लाने घसरलं. १००० नॅनोटेस्ला म्हणजे १ मायक्रोटेस्ला. थोडक्यात, लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला त्या रात्री तुमच्या फोनच्या ४३ चे फार तर ४२.६ झाले असते. फोनच्या सेन्सरचा स्वतःचा गोंधळच जवळजवळ तेवढा असतो. फोन बंद ठेवायची गरज का नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

कुलाब्याची वही

हे आकडे मोजणाऱ्या जगातल्या जुन्या जागांपैकी एक आपल्या मुंबईत होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी घेतल्या जात होत्या.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. तेव्हा त्यांना डागांवर अचानक पांढरा लखलखाट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत पृथ्वीवर जे वादळ आलं, त्याला आज कॅरिंग्टन घटना म्हणतात. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तार ऑपरेटरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि तारांमध्ये आपोआप आलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले. लंडनजवळच्या वेधशाळांमध्ये फोटोग्राफिक कागदावर रेघ उमटवणारी तेव्हाची आधुनिक यंत्रं होती. वादळ इतकं मोठं होतं की रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात मात्र माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती आणि गडबड दिसल्यावर त्यांनी थोड्या थोड्या मिनिटांनी नोंदी घेतल्या. त्यात घसरण दिसते ती सुमारे १६०० नॅनोटेस्लाची.

या नोंदी २००३ मध्ये नव्याने जगासमोर आल्या. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना ॲलेक्स त्या शोधनिबंधात होते. कुलाब्याच्या त्या खोल घसरणीचा कितीसा भाग खरोखर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या प्रवाहामुळे होता, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच लहान होतो. पण 'कॅरिंग्टनसारखं वादळ पुन्हा आलं तर?' याचा हिशोब मांडताना ही वही उघडावीच लागते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार हे उघड होतं. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथल्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींचा मेळ बसवला आणि मगच कुलाबा बंद केलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुनी सिस्टिम नव्या सर्व्हरवर नेताना नेमकं हेच करतो, किंवा करायला हवं. डेडलाइन जवळ आली की पॅरलल रनवर सगळ्यात आधी कात्री चालते. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि ती चालवणारी भूचुंबकत्व संस्था पनवेलला आहे.

एवढ्याशा बदलाने वीज कशी जाते?

फोनला न कळणारा बदल शेकडो किलोमीटर लांब तारांना मात्र कळतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत प्रवाह तयार होतो, हे आपण दहावीत शिकलोय. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं दीड मिनिटात कोसळलं आणि सुमारे ६० लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात होते. भारत चुंबकीय ध्रुवापासून लांब आहे, त्यामुळे हा धोका आपल्याकडे तुलनेने कमी. आपली अडचण वेगळी आहे.

जीपीएस आणि आपलं आकाश

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा सिग्नल खाली येताना आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून जातो आणि थोडा रेंगाळतो. फोन अंतर मोजतो ते सिग्नलला लागलेल्या वेळेवरून. त्यामुळे सिग्नल रेंगाळला की फोनला वाटतं उपग्रह लांब आहे.

किती रेंगाळतो, ते वाटेत इलेक्ट्रॉन किती आहेत यावर ठरतं. त्याचं एकक टेकयू. १ टेकयूला जीपीएसच्या नेहमीच्या एल१ सिग्नलमध्ये सुमारे १६ सेंटिमीटरची चूक येते. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत भारतावर दुपारी १०० टेकयूच्या आसपास जाणं काही विशेष नाही. म्हणजे १६ मीटर, तेही उपग्रह डोक्यावर असताना. तो क्षितिजाकडे असेल तर आणखी जास्त. उपग्रह स्वतःच आठ आकडे पाठवतो, त्यावरून फोन या चुकीचा अंदाज काढतो, पण त्यातून साधारण निम्मीच चूक निघते.

आपल्याकडे इलेक्ट्रॉन इतके का? चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. तिथला प्लाझ्मा दिवसा कारंज्यासारखा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला पडतो. उत्तरेकडचा ढीग येतो तो अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यात. सूर्यास्तानंतर याच थरात बुडबुडे तयार होतात आणि त्यातून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो. वादळात हे कधी वाढतं, कधी उलट थांबतं. वादळ सुरू झालं तेव्हा आपल्याकडे किती वाजले होते, यावर बरंच अवलंबून असतं.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हातात असू शकतो. रेंगाळणं फ्रिक्वेन्सीनुसार बदलतं. त्यामुळे एल१ आणि एल५ असे दोन्ही सिग्नल घेणारा फोन दोघांतला फरक बघून चूक जवळजवळ पुसून टाकू शकतो. जीपीएसटेस्ट नावाच्या ॲपमध्ये तुमच्या फोनला एल५ मिळतो का ते दिसतं. नवा फोन घेताना मी आता कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी हे बघतो. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले. त्यांना तर सेंटिमीटरची अचूकता लागते.

कॉलचं काय? फोन ते टॉवर हे अंतर जमिनीवरचं, आयनोस्फिअर मध्ये येत नाही. पण ५जीचे बरेच टॉवर एकमेकांशी सेकंदाच्या काही दशलक्षांशांपर्यंत घड्याळ जुळवून चालतात आणि ती वेळ बहुधा उपग्रहांवरून घेतात. थोडा वेळ सिग्नल गेला तर टॉवरचं स्वतःचं घड्याळ तग धरतं.

उपग्रहांचे हाल निराळेच. वादळाने वरचं विरळ वातावरण तापून फुगतं आणि उपग्रहांना ओढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ उपग्रह असेच जळाले. वादळ अगदी किरकोळ होतं.

आधी कळतं का?

अर्धवट. सीएमई निघालं हे दिसतं, कधी पोचेल याचा अंदाज येतो. पण त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तर की दक्षिण, हे दुरून दिसत नाही. ते यंत्रावर येऊन आदळल्यावरच कळतं. ती यंत्रं पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला एल१ बिंदूजवळ आहेत. जीपीएसच्या एल१ सिग्नलशी या एल१ चा काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यायला हवी होती. वारा ताशी नव्हे, सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाने येत असेल तर तिथून इथपर्यंत फक्त अर्धा तास मिळतो.

आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली. चुंबकीय क्षेत्र मोजणारी यंत्रं यानाबाहेर काढलेल्या ६ मीटर लांब दांड्यावर बसवलीत, यानाच्या स्वतःच्या विजेचा त्रास नको म्हणून. ट्रामपासून दूर अलिबागला जाण्यातलंच हे शहाणपण.

पुढच्या वेळी 'सौरवादळ येतंय' अशी बातमी आली तर अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या स्पेस वेदर पानावर जा. सगळं मोफत आणि लाइव्ह आहे. जी१ ते जी५ ही श्रेणी बातम्यांत येते, पण तुम्ही सौर वाऱ्याच्या आलेखात 'बीझेड' ही रेघ शोधा. हीच ती उत्तर-दक्षिण दिशा. ती शून्याच्या वर असेल तर निवांत झोपा. उणे १० च्या खाली जाऊन दोन-तीन तास तिथेच राहिली तर वादळ सुरू झालंय असं समजा. त्या दिवशी नकाशातला तुमचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उभा दिसला, तर फोन रीस्टार्ट करण्याआधी ती रेघ बघा.