ख्रिस्ती धर्मोपदेश, मराठी
ख्रिस्ती श्रद्धा, उपासना व नीती यांची शिकवण मराठीतून देण्याची मौखिक व लिखित परंपरा. प्रत्यक्ष प्रवचने बहुधा लिहून ठेवली जात नसत. त्यामुळे तिचा इतिहास मुख्यतः पुराणे, वादग्रंथ, पदे व नियतकालिके यांवरून जुळवावा लागतो. नवी श्रद्धा स्वीकारणाऱ्याने आपली भाषा, आपले छंद आणि आपले गणगोत किती राखावे, हा प्रश्न या वाङ्मयात पुनःपुन्हा उभा राहतो.

गोव्यातील साष्टी भागात पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये अनेक मंदिरे पाडली व पुढे धर्मांतरितांना जुनी पुराणे वाचण्यास बंदी झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मोपदेशक टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) १५७९ मध्ये गोव्यात आला, तो या पार्श्वभूमीवर. त्याच्या ख्रिस्तपुराणाच्या आरंभीचा प्रसंग अर्थपूर्ण आहे. धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण श्रोता विचारतो, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. पहिल्या भागात बायबलच्या जुन्या करारातील व दुसऱ्यात येशूच्या चरित्रातील कथा आहेत. मराठीची त्यातील स्तुती सर्वश्रुत आहे. परंतु धर्मोपदेशाच्या दृष्टीने त्याची परिभाषा अधिक लक्षणीय ठरते. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच योजतो, तर काही संज्ञांसाठी लॅटिन–पोर्तुगीज शब्दच ठेवतो. १६१६ मध्ये हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर असेच पुराण रचले. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या परंपरेचा प्रवाह क्षीण झाला. ज्या सत्तेच्या बळावर हा उपदेश चालला, तिनेच त्याच्या भाषेवर घाला घातला.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट उपदेशाचे वळण वेगळे होते. सेरामपूर येथे १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले व १८४२ मध्ये अहमदनगरहून ज्ञानोदय निघू लागले. जॉन विल्सन याने १८३० च्या सुमारास मुंबईत हिंदू पंडितांशी जाहीर वाद केले. त्यांतून मोरभट दांडेकरांसारख्यांची प्रत्युत्तरेही छापली गेली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातला. या वादांनी मराठी गद्याला तर्काची धार आली, हे खरे; पण खंडनाने मने जिंकली गेली, असे म्हणवत नाही.

खंडनाऐवजी नीतीचा प्रश्न पुढे ठेवण्याचे कार्य बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीत केले. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे त्यातील चित्रण उपदेशाच्या हेतूने केलेले आहे आणि कित्येकदा तो हेतू कथेवर मात करतो. तरीही धर्माची कसोटी घरातील दुर्बळांशी होणाऱ्या वर्तनात शोधण्याची ही दृष्टी मराठी गद्यकथेत नवी होती.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत प्रथम घरातच चुकवावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. जातिभेदाची भावना मनातून कशी गेली, याचे त्यांनी स्मृतिचित्रे मध्ये केलेले साधे, मिस्किल निवेदन कोणत्याही प्रवचनाहून प्रभावी आहे. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही टिळकांची भूमिका होती. अहमदनगर भागातील ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाचा प्रघात त्यांच्या आधीच पडला होता. टिळकांनी अभंग व भजने यांची त्यास जोड दिली. त्यांची पदे आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ हा भ्रातृसंघ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. परकीय पगारावर चालणारा उपदेश श्रोत्याच्या मनात संशय उत्पन्न करतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

भाषेचा प्रश्न पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी अगदी उलट बाजूने सोडविला. प्रचलित बायबल भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी सामान्य स्त्रियांना कळत नाही, शिवाय तिच्यातील वेदान्ती अर्थच्छटा मूळ आशय झाकतात, असे त्यांचे मत होते. स्टीफन्सला जे शब्द पुलासारखे वाटले, ते रमाबाईंना अडसर वाटले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांसह त्यांनी साध्या मराठीतील संपूर्ण बायबल सिद्ध केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर पूर्ण छापून झाले.

रोमन कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनाविधी लोकभाषांतून होऊ लागला आणि वसई परिसरात मराठी प्रवचनास नवे महत्त्व आले. वसईचे धर्मगुरू व सुवार्ता मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी सुबोध बायबल सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.