लेझीम : धनुष्याची साखळी तालावर कशी आली?

१/ सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. या मुलखात ग्रामदैवताची पालखी निघाली किंवा शिवजयंतीची मिरवणूक सजली, की हलगी कडाडते आणि लेझमीची रांग हलू लागते. आज हौसेने खेळला जाणारा हा खेळ मुळात तिरंदाजाच्या तालमीतून आलेला आहे.

२/ 'लेझीम' हा शब्द फारसी 'लेझम'वरून आला. लेझम म्हणजे सरावाचे लवचीक धनुष्य. त्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी असे. बाण सोडणे हा त्याचा हेतूच नव्हता. दंड, खांदे आणि छाती कमावणे हा होता.

३/ इराणच्या 'झूरखाने' या आखाड्यांत याचे भावंड आजही दिसते. तेथे पहिलवान 'कब्बादे' नावाचे जड लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून खळखळवतात. 'मुर्शिद' ढोल वाजवीत काव्य गातो आणि सारे त्याच्या तालावर चालतात. या परंपरेला युनेस्कोने २०१० मध्ये वारशाच्या यादीत स्थान दिले.

४/ दख्खनच्या सुलतानी दरबारांत फारसी ही प्रतिष्ठेची भाषा होती आणि सोलापूरचा किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्यातील जुन्या कलहाचा विषय. अशा भूमीत लष्करी फारसी शब्द मराठीत मुरले, यात नवल नाही.

५/ पुढे बंदुकीपुढे धनुष्य निष्प्रभ झाले. साखळीचा नाद मात्र टिकला. धनुष्याचा लाकडी दांडा झाला, साखळीत पत्र्याच्या चकत्या आल्या. पूर्वी कसोटी वजनाची होती. आता ती वेळेची झाली.

६/ जुनी ओळख नावांत उरली आहे. शाळेतील लेझमीचे प्रकार पाहा : 'चार आवाज', 'आठ आवाज', 'आगे फलांग', 'दो रुख', 'पवित्रा'. पवित्रा म्हणजे लढवय्याने घेतलेला पाय-हातांचा डाव. मैदानावरची मुले नकळत आखाड्याची भाषा बोलतात.

७/ मग अवघड काय? लेझीम उघडताना एक नाद, मिटताना दुसरा. त्याच वेळी वाकणे, वळणे, पाऊल टाकणे. हलगीचे ठोके मिनिटाला ६० असतील तर प्रत्येक हालचालीला १ सेकंद मिळतो. ठोके १२० झाले की अर्धाच. पण कमरेला तेवढेच वाकावे लागते. पन्नास जणांत एक जरी मागे पडला, तरी स्वच्छ 'छन्न'चा 'छनननन' होतो आणि चूक सर्वांना ऐकू येते.

८/ १९९८ मध्ये जपानच्या कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' हा तालाचा व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर बाण सरकतात, खेळाडू त्यानुसार पाय टाकतो. अवघड गाण्यात बाण दाटीने येतात. लेझमीत पडदा नाही. पुढचा ठोका कानानेच ओळखावा लागतो. शिवाय चुकीचे गुण एकट्याचे जात नाहीत, अख्ख्या रांगेचे जातात.

९/ या खेळाचे 'गाणे' असते हलगीवाल्याच्या हातात. परंपरेने हलगी वाजवली ती मुख्यतः मातंग आणि इतर दलित समाजांतील वादकांनी. गावकीत ते वादन सन्मानाचे नव्हते, जातीने लादलेले काम होते. म्हणूनच डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत अनेकांनी गावकीची अशी कामे नाकारली. त्यांनी कला नाकारली नव्हती, सक्ती नाकारली होती.

१०/ बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांच्या दहा खंडांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'सारख्या ग्रंथांनी देशी व्यायामांची नोंद केली आणि शाळांनी लेझीम घरोघरी पोहोचवली. त्यामुळे रांगेतल्या मुलांना टाळ्या मिळाल्या. ठोका देणाऱ्याचे नाव मात्र फारसे कुणी लिहून ठेवले नाही. लेझमीचा इतिहास पूर्ण करायचा, तर पुढच्या मिरवणुकीत आधी हलगीवाल्याचे नाव विचारावे.