तुरुंगाऐवजी देखरेख

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी जिजाबाईंवर लिहिते, कोणी अहिल्याबाईंवर. मी यंदा निराळा विषय घेतला आहे. गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता घरीच ठेवून सुधारावयाचे, ही रीत कोठून आली व आपल्या वऱ्हाडात केव्हा पोचली, त्याची ही हकीकत. सरकारी भाषेत हिला परिवीक्षा म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे.

अमेरिकेत बोस्टन शहरी जॉन ऑगस्टस नावाचा जोडे शिवणारा कारागीर होता. १८४१ साली तो कोर्टात बसला असता एका दारुड्याला आणण्यात आले. ऑगस्टसने त्याला जामीन राहून सोडवले. तीन आठवड्यांनी तोच माणूस कोर्टात उभा राहिला, तेव्हा तो ओळखू येईना. न्यायाधीशाने त्याला नाममात्र एक सेंट दंड व कोर्टाचा खर्च एवढ्यावर सोडले. पुढे १८५९ साली मरेपर्यंत ऑगस्टस जवळजवळ दोन हजार स्त्री-पुरुषांना जामीन राहिला. कित्येकांना त्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतले. आता ह्या सगळ्यांचा स्वयंपाक कोणी केला असेल, हे आपणां बायकांना सांगावयास नको!

इंग्लंडने १९०७ साली ह्याचा कायदा केला. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी कायद्यात पहिल्या गुन्ह्यास चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र घेऊन सोडण्याची सोय होती. पण सोडल्यावर त्याच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. पोरगा कोर्टाच्या पायऱ्या उतरला की पुन्हा त्याच सोबत्यांत. म्हणून १९३१ साली सर्व हिंदुस्थानासाठी एक मसुदा झाला, तो तसाच राहिला, आणि प्रांतांनी आपापले पाहावे असे ठरले. तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रांतात होता, राजधानी नागपूर. ह्या मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९३६ सालीच असा कायदा केला. मुंबई इलाख्याने तो १९३८ साली केला. म्हणजे ह्या एका बाबतीत आपण मुंबईकरांच्या पुढे होतो, हे मला लिहिताना बरे वाटते.

परंतु त्याच काळी देशात दुसरा एक कायदा चालू होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जातीच्या जाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. ठराविक वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. देखरेख दोन्हीकडे होती. पण एकीकडे केलेल्या गुन्ह्याबद्दल, ठराविक मुदतीपुरती, आणि ती सुटावी म्हणून. दुसरीकडे न केलेल्या गुन्ह्याबद्दल, जन्मभर. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कागदावरून शिक्का गेला. आपल्या मनातून गेला काय? कोठे चोरी झाली की आपले बोट पहिल्यांदा पारध्यांच्या बेड्याकडे वळते. हे बरे नव्हे, असे मला वाटते.

१९५८ साली सर्व देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम झाला. समजा, एखाद्या वीस वर्षांच्या पोराने बाजारात पहिल्यांदाच कोणाचे पाकीट मारले. एकवीस वर्षांखालच्याला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात टाकावयाचे नाही. टाकावयाचे झाल्यास न्यायाधीशाने कारण लिहून ठेवले पाहिजे. कोर्ट त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या हमीपत्रावर सोडू शकते. देखरेख लावली तर ती एक वर्षाहून कमी नसते. हमी मोडली तर त्याला पुन्हा कोर्टापुढे आणतात, आणि मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. म्हणजे हे मोकाट सोडणे नव्हे.

येथे कोणी भगिनी म्हणेल, जिचे पाकीट गेले तिचे काय? प्रश्न रास्त आहे. गुन्हेगाराला सोडताना तिला भरपाई देण्याचा हुकूम कोर्टाला करता येतो. एरवी तो तुरुंगात गेला तरी तिचे पैसे थोडेच परत येतात!

ह्या कायद्यातील एक कलम मला फार मोलाचे वाटते. अशा रीतीने सुटलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम नुसते लक्ष ठेवण्याचे नाही. त्याने सल्ला द्यावा, मदत करावी, गरज पडेल तेथे काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदाच सांगतो. काम मात्र सरकारी कपाटात नसते. ते कोणाच्या तरी दुकानात, वावरात, गिरणीत असते.

शिक्षा ठरवण्याआधी कोर्ट ह्या अधिकाऱ्याकडून अहवाल मागवते. मुलाचा स्वभाव कसा, घरची माणसे कशी, परिस्थिती काय, हे त्यास शोधावे लागते. त्यासाठी तो घरी येतो, आईशी बोलतो, शेजारीपाजारी विचारतो. अहवाल गुप्त असतो. शेजारणीने काय सांगितले ते गावात फुटत नाही. तेव्हा दाराशी असा मनुष्य आला तर "आम्हांस काही ठाऊक नाही बाप्पा" म्हणून दार लावून घेऊ नये. त्याला बसावयास द्यावे, आणि त्या पोराचे जे चांगले-वाईट आपण डोळ्यांनी पाहिले असेल तेवढेच सांगावे.