स्पॅनिशमधली अनियमित क्रियापदे : ‘साबो’ चूक आणि ‘से’ बरोबर, असे का?

अमेरिकेत वाढलेल्या, पण आजीआजोबांची स्पॅनिश भाषा धड बोलता न येणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांना ‘नो साबो किड्स’ म्हणून हिणवले जाते. ‘साबेर’ म्हणजे माहीत असणे. ‘मला माहीत नाही’ हे स्पॅनिशमध्ये ‘नो से’ असे म्हणतात. ही मुले ‘नो साबो’ म्हणतात आणि हसे होते. काही तरुणांनी आता तोच शब्द स्वतःहून मिरवायला सुरुवात केली आहे, हा भाग वेगळा.

गंमत अशी की ‘साबो’ हे रूप नियमाला धरूनच आहे. ‘कोमेर’ (खाणे) वरून ‘कोमो’ (मी खातो), ‘बेबेर’ (पिणे) वरून ‘बेबो’ (मी पितो), मग ‘साबेर’ वरून ‘साबो’ का नको? स्पॅनिश मातृभाषा असलेली लहान मुलेही आधी ‘साबो’च म्हणतात. मराठीत ‘मी करलं’ म्हणणारे तीन वर्षांचे मूल नेमके हेच करत असते. त्याने नियम शिकलेला असतो. ‘केलं’ हा अपवाद अजून शिकायचा असतो.

स्पॅनिश शिकणाऱ्याला पुस्तकात याच अपवादांचे पानभर तक्ते दिसतात आणि धडकी भरते. क्रियापदांचे तीन गट (शेवटी आर, एर किंवा ईर), प्रत्येक काळात सहा रूपे आणि त्यात अनियमितता! पण बहुतेक ‘अनियमित’ क्रियापदे मनमानी करत नाहीत. ती ठरावीक वाटांनीच बिघडतात आणि त्या वाटा कळल्या की तक्ते बरेच हलके होतात. (येथे उच्चार लॅटिन अमेरिकेतील पद्धतीने, देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत.)

वर्तमानकाळ : जोर कुठे पडतो ते पाहा

‘पोदेर’ म्हणजे शकणे. त्याची वर्तमानकाळाची रूपे अशी : प्वेदो (मी), प्वेदेस (तू), प्वेदे (तो, ती), पोदेमोस (आम्ही), पोदेइस (तुम्ही), प्वेदेन (ते). चार रूपांत ‘ओ’चा ‘वे’ झाला, दोन रूपांत झाला नाही. तक्त्यात बदललेल्या रूपांभोवती रेघ ओढली तर बुटाचा आकार दिसतो, म्हणून शिक्षक यांना ‘बुटाची क्रियापदे’ म्हणतात. आकार लक्षात राहतो, पण कारण कळत नाही.

कारण आहे उच्चारातला आघात. ‘प्वेदो’मध्ये जोर धातूवर आहे, ‘पोदेमोस’मध्ये तो सरकून ‘दे’वर गेला आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ओ’ जोराखाली आला की स्पॅनिशमध्ये फुटून ‘वे’ झाला आणि ऱ्हस्व ‘ए’ फुटून ‘ये’ झाला. जोर नसेल तिथे दोन्ही स्वर तसेच राहिले. नामांतही हेच दिसते : दार म्हणजे ‘प्वेर्ता’, पण दारवान ‘पोर्तेरो’, जमीन म्हणजे ‘त्येर्रा’, पण भूखंड ‘तेर्रेनो’.

मराठी माणसाला हे अनोळखी वाटू नये. ‘फूल’ला प्रत्यय लागला की ‘फुलाला’ होते, ‘पीठ’चे ‘पिठात’ होते. शब्दाचा तोल पुढे सरकला की आधीचा स्वर आखूड होतो आणि आपण ते नकळत करतो. स्पॅनिश माणूस ‘प्वेदो–पोदेमोस’ तितक्याच सहज बोलतो.

या नियमाची खरी परीक्षा अर्जेंटिनात होते. तिथे ‘तू’साठी ‘तु’ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम वापरतात आणि त्याच्या रूपात जोर शेवटी पडतो. मग रूप काय व्हावे? ‘बोस पोदेस’. जोर धातूवरून हटला आणि बदलही गेला.

‘दोर्मीर’ (झोपणे) वरून ‘द्वेर्मो’, ‘पेर्देर’ (हरवणे) वरून ‘प्येर्दो’, ‘केरेर’ (हवे असणे) वरून ‘क्येरो’, हे सारे याच घरातले. ईर गटात आणखी एक प्रकार आहे : ‘पेदीर’ (मागणे) वरून ‘पीदो’. मात्र कोणत्या क्रियापदात स्वर फुटतो, हे मूळ रूपावरून ओळखता येत नाही. ‘कोमेर’चे ‘कोमो’च राहते. तेवढे पाठ करावे लागते, त्याला इलाज नाही.

‘मी’चे रूप आणि त्याचा वारस

काही क्रियापदांत ‘मी’चे रूप वेगळे असते आणि त्यात ‘ग’ डोकावतो : तेंगो (माझ्याकडे आहे), बेंगो (येतो), पोंगो (ठेवतो), साल्गो (बाहेर पडतो), दिगो (सांगतो). ‘दिगो’ची कथा सरळ आहे. लॅटिनमध्ये ‘दीको’ आणि ‘दीकित’ अशी रूपे होती. ‘ओ’च्या आधीचा ‘क’ पुढे ‘ग’ झाला. ‘इ’च्या आधीचा ‘क’ मऊ होत गेला आणि आजचे ‘दिसे’ (तो सांगतो) तयार झाले. स्पेनच्या बहुतेक भागात त्याचा उच्चार ‘दिथे’ होतो.

‘मी’चे हे रूप नीट पाठ करावे, कारण इच्छा, शंका, विनंती दाखवणारा अर्थ त्याच्यावरच उभा राहतो : तेंगो–तेंगा, पोंगो–पोंगा, दिगो–दिगा. स्पेनमध्ये फोन उचलल्यावर ‘दिगा’ किंवा ‘दिगामे’ ऐकू येते, म्हणजे ‘बोला’. या वाटेने न जाणारी क्रियापदे जेमतेम सहा आहेत. त्यांत ‘साबेर’ आहेच (सेपा).

भूतकाळ : ‘गेलो’ आणि ‘जायचो’

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. एक घडून संपलेल्या गोष्टीचा, दुसरा सवयीचा किंवा चालू असलेल्या गोष्टीचा. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात. मराठी माणसाकडे ‘गेलो’ आणि ‘जायचो, जात होतो’ हा भेद तयार आहे.

‘जायचो’ प्रकारच्या काळात संपूर्ण भाषेत तीनच क्रियापदे अनियमित आहेत : ‘सेर’ (असणे) – एरा, ‘ईर’ (जाणे) – ईबा, ‘बेर’ (पाहणे) – बेईया. इतकेच.

‘गेलो’ प्रकारात मात्र गर्दी आहे. नियमित क्रियापदात जोर शेवटी असतो आणि तो चुकला तर अर्थच बदलतो : जोर ‘आ’वर दिला तर ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’, शेवटी दिला तर ‘तो बोलला’. अनियमितांत जोर धातूवर येतो आणि धातूच नवा असतो : तुबे (तेनेर), पुदे (पोदेर), पुसे (पोनेर), सुपे (साबेर), बिने (बेनीर), इसे (आसेर, करणे). पण शेपट्या सगळ्यांच्या जवळपास एकच, त्यामुळे धातू लक्षात ठेवला की काम होते. ‘आंदार’चे (चालणे) रूप ‘आंदुबे’ आहे; तिथे स्पॅनिश मातृभाषेचे लोकही ‘आंदे’ म्हणतात आणि व्याकरणाचे जाणकार नाराज होतात.

सर्वांत चमत्कारिक ‘फुई’. याचा अर्थ ‘मी गेलो’ही आणि ‘मी होतो’ही. ‘ईर’ आणि ‘सेर’ची या काळातली सहाही रूपे एकच आहेत, अर्थ वाक्यावरून कळतो. पोर्तुगीजमध्येही हेच आहे, त्यामुळे गोव्यातल्या जुन्या पिढीतील पोर्तुगीज शिकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. वर्तमानकाळात ‘बोइ’ आणि भूतकाळात ‘फुई’ कसे, असे विचारणाऱ्याने ‘जातो’ आणि ‘गेलो’ शेजारी ठेवून पाहावेत. ‘जातो’ संस्कृतच्या ‘या’ धातूकडून आला, ‘गेलो’ ‘गत’कडून. स्पॅनिशने तर लॅटिनची तीन क्रियापदे एकत्र बांधली.

भविष्यकाळ : मूळ बारा

इथे प्रत्यय सर्वांना सारखेच, फक्त बारा मूळ क्रियापदांचा धातू बदलतो. हा काळ मुळात ‘क्रियापद अधिक आबेर’ असा जोडून बनला. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण लिहिणाऱ्या अंतोनियो दे नेब्रिहा यांनी 1492 मध्येच ते ओळखले होते. जोडताना मधला स्वर गळला. ‘पोदेर’चे ‘पोद्रे’ झाले. ‘तेनेर’मध्ये ‘न’ आणि ‘र’ एकमेकांना भिडले, मध्ये ‘द’ शिरला आणि ‘तेंद्रे’ झाले. ‘वानर’चे ‘वांदर’ होताना मराठीतही असाच ‘द’ आला. संकेतार्थी रूपांसाठी हेच बारा धातू चालतात, वेगळे काही नाही.

अनियमित रूपे टिकली कशी?

ती रोज तोंडात असतात म्हणून. मराठीतही केला, गेला, आला, मेला, दिला ही वेडीवाकडी रूपे अगदी नेहमीच्या क्रियापदांचीच आहेत. क्वचित वापरायचे क्रियापद लोक नियमात बसवून टाकतात. नवे क्रियापद तर स्पॅनिशमध्ये आर गटातच जाते आणि मुकाट्याने नियम पाळते : ‘चातेआर’, ‘गुग्लेआर’.

जिथे रूप चुकते, तिथे मात्र माणसाची पायरी ठरवली जाते. ‘आबेर’चे प्रमाण रूप ‘आया’ आहे, पण बोलीत अनेकजण ‘त्राइगा’, ‘काइगा’ यांच्या चालीवर ‘आइगा’ म्हणतात आणि अडाणी ठरतात. विसाव्या शतकात स्पेनमध्ये प्रचंड, दिखाऊ अमेरिकी मोटारीलाच ‘आइगा’ हे नाव पडले. दुकानात जाऊन ‘असेल ती सर्वांत भारी द्या’ असे या चुकीच्या रूपात सांगणाऱ्या नवश्रीमंतांची ती टिंगल होती. हा शब्द आजही स्पॅनिश अकादमीच्या कोशात मोटारीच्या अर्थाने आहे.